खाटेच्या भोवती

आमच्या भागात कुणी आजारी पडले की प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. कोणत्या डॉक्टरकडे नेले? काय निघाले? इंजेक्शन कोणते दिले? बिल किती झाले? मेडिक्लेम आहे, की ई.एस.आय.चे कार्ड? भेटायला गेलेला माणूस शहाळे आणि बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवतो, सलाईनच्या बाटलीकडे एकदा पाहतो आणि औषध चालू आहे एवढ्यावर समाधान मानून उठतो. खाट कुठे टाकली आहे, तिच्यावर उजेड येतो की नाही, रात्री झोप लागते का, शेजारच्या खाटेवर कोण कण्हते आहे, हे प्रश्न विचारलेले मी फारसे ऐकले नाहीत. ते विचारणे म्हणजे रोग्याचे लाड, असा आपला समज आहे. हा समज चुकीचा आहे, आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात तो फार महाग पडतो आहे, असे माझे मत आहे.

तो समज आपल्याकडे उगाच रुजलेला नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. आपण औषधाच्या गावचे लोक! जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. बजाज, टेल्को यायच्या आधीची ही गोष्ट. एच. ए. कॉलनीत वाढलेली आमच्या प्राध्यापकांची पिढी अजून त्या दिवसांबद्दल अभिमानाने बोलते, आणि तो अभिमान रास्त आहे. जखम चिघळून माणूस दगावणे, बाळंतिणीचा ताप, न्यूमोनिया, या गोष्टींची दहशत एका बुरशीपासून काढलेल्या पांढऱ्या भुकटीने कमी केली. त्या आधी क्षयाच्या रोग्याला काय उपाय होता? मोकळी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती. औंधचे उरोरुग्णालय, मिरजेजवळचे वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय, ही गावाबाहेर, मोकळ्या आवारात वसवण्यामागे हाच विचार होता. पुढे औषधे आली आणि या मोकळ्या आवारांचे महत्त्व ओसरले.

माझ्या मताच्या विरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम पुरावा याच इतिहासात आहे, तो आधीच सांगून टाकते. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या उपचारांचे एक केंद्र सुरू झाले. तेथे १९३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले. तिथे चांगले अन्न, विश्रांती, हवा, परिचर्या सर्व काही. दुसऱ्या गटाला शहराच्या गरीब वस्तीतल्या त्यांच्या स्वतःच्या घरी ठेवले. तिथे दाटी, अर्धपोट जेवण आणि रोजची दगदग. औषधे दोघांना तीच. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले! १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर सॅनेटोरियमचा काळ संपल्याची घंटा वाजली. मग परिसराचा आणि बरे होण्याचा संबंध काय राहिला?

हा प्रश्न मी टाळत नाही. उलट मद्रासच्या प्रयोगाचे ऋण मोठे आहे. गरिबाला नोकरी-संसार सोडून वर्षभर दूर राहावे लागू नये, ही सोय त्याने करून दिली. पण हा प्रयोग आपण अर्धाच वाचतो. त्या घरी राहणाऱ्या रोग्यांना गोळ्यांची पुडी देऊन वाऱ्यावर सोडले नव्हते. आरोग्यसेविका त्यांच्या घरी जात, न सांगता जात, गोळ्या मोजत. लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहिले जाई. म्हणजे परिचर्या रुग्णालयातून उठून झोपडीत गेली होती. आपण मात्र ‘घर चालते’ एवढेच शिकलो, आणि घरी जाणारी सेविका विसरलो.

शिवाय क्षयाचा जंतू मरणे ही एक गोष्ट आणि ऑपरेशनची जखम भरणे, हाड जुळणे, म्हातारपणी भ्रम न होणे, भूक परत येणे, या वेगळ्या गोष्टी. जंतूला खिडकीतून काय दिसते याचे सोयरसुतक नसते, माणसाला असते. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटासा निबंध छापला. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रोग्यांचे १९७२ ते १९८१ या काळातले कागद त्याने काढले. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. वय वगैरे जुळवून त्याने २३ जोड्या लावल्या. झाडे पाहणारे सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले, तीव्र वेदनाशामके त्यांनी कमी घेतली, आणि परिचारिकांनी त्यांच्याबद्दल लिहिलेल्या नोंदींत तक्रारी कमी होत्या. अवघे ४६ रोगी; यावरून जग हलवू नये हे खरे. पण औषध तेच, ऑपरेशन तेच, फरक खिडकीचा, हे वाचून मी तरी विचारात पडले.

विचार नवा नाही, हे सांगायला हरकत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे परिचर्येवरचे पुस्तक १८५९ चे. परिचर्या म्हणजे औषध पाजणे आणि पोटीस बांधणे एवढेच नव्हे. हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता आणि आहार यांची नीट योजना करणे हेच तिचे मुख्य काम, असा त्या पुस्तकाचा सूर आहे. विनाकारण केलेल्या आवाजावर तर बाई फार चिडलेल्या आहेत. त्यांच्याही कितीतरी शतके आधी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसे बांधावे हे सांगितले आहे: भक्कम, ऐसपैस, एका बाजूने वारा येणारे, धूर, धूळ, ऊन आणि नकोशा आवाजांपासून दूर. सेवकांमध्ये स्वयंपाकी, आंघोळ घालणारा, अंग चेपणारा यांच्याबरोबर गाणारे, वाद्ये वाजवणारे आणि कथा-पुराणे सांगणारे हवेत, असेही तिथे म्हटले आहे. (म्हणजे कला शाखेच्या पदवीधरालाही त्या रुग्णालयात नोकरी होती! आमच्या वर्गातल्या बेकारीच्या चर्चेत हा मुद्दा यायला हवा.) आणि आपला साधा मराठी शब्द पाहा: शुश्रूषा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातूनच पुढे आला. रोग्याचे ऐकायचे तर आधी ऐकू येईल इतकी शांतता पाहिजे.

आता चाकणला या. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी सहाला उभे राहा. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, टमटम, आणि ही सर्व वाहने एकाच वेळी हॉर्न वाजवत असतात. याच रस्त्यांच्या कडेला, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर खाजगी दवाखाने आहेत, कारण अपघाताचा रोगी तिथे लवकर पोचतो. ती सोय मोठी, याबद्दल वाद नाही. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून धरता येते, आणि तिथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. माणसे साधे बोलतात तो आवाजच ६०च्या आसपास जातो. म्हणजे शांततेचा फलक लावला तरी खिडकीच्या काचेखाली ट्रेलर उभा असेपर्यंत त्या फलकाचा उपयोग काय?

परंतु मला रुग्णालयापेक्षाही जास्त काळजी दुसऱ्या एका जागेची वाटते. रोगी रुग्णालयात राहतो किती दिवस? तीन, पाच, फार तर दहा. बाकीचे बरे होणे त्याने घरी जाऊन उरकायचे असते. आणि आमच्या भागात घर म्हणजे काय?

खराबवाडी, निघोजे, महाळुंगे, कुरुळी, मेदनकरवाडी या गावांत शेतजमिनी कारखान्यांना गेल्या आणि उरलेल्या तुकड्यावर गावकऱ्यांनी खोल्या बांधल्या. आमच्याही घरामागे वडिलांनी बांधलेली बारा खोल्यांची चाळ आहे; तिच्याच भाड्यावर माझे शिक्षण चालले आहे. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एक खिडकी, बारा खोल्यांना चार संडास आणि एक पाण्याची टाकी. खोलीत चार-पाच मुले राहतात, लातूर, नांदेड, यवतमाळकडची, काही बिहारची. सगळे एकदम कधीच नसतात. फर्स्ट शिफ्टचा उठतो तेव्हा नाइटवाला येऊन त्याच अंथरुणावर पडतो. दिवसरात्र कुणीतरी झोपलेले, कुणीतरी स्टोव्हवर भात लावलेला, कुणाचा तरी मोबाईल वाजत असलेला.

गेल्या उन्हाळ्यात या खोल्यांतल्या एका मुलाचा हात प्रेस मशीनमध्ये सापडला. उजव्या हाताची दोन बोटे. आम्ही त्याला दादा म्हणतो, वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. ऑपरेशन नीट झाले. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. चौथ्या दिवशी सोडताना तिथल्या सिस्टरने त्याला चार गोष्टी सांगितल्या: हात उंच ठेवा, ड्रेसिंग कोरडे ठेवा, भरपूर झोपा, चौरस आहार घ्या. सिस्टर भली बाई होती, घाईत असूनही दोनदा समजावून सांगत होती. पण त्या चारांपैकी एकही गोष्ट त्या खोलीत शक्य नव्हती. पाणी सकाळी तासभर येते, तेव्हा ज्याची त्याने बादली भरायची. एका हाताने भरताना पट्टी भिजणारच. मेच्या दुपारी पत्र्याखाली पंखा गरम वारा फेकतो. झोपायची पाळी त्याची असे तेव्हा दुसऱ्याचीही असे. आहार म्हणजे मेसचा डबा, आणि कामावर नसलेल्या माणसाने डब्याचे पैसे द्यायचे कुठून, ही चिंता वेगळीच. आठव्या दिवशी ताप भरला, जखमेत पू झाला, आणि एका बोटाचे आणखी एक पेर काढावे लागले. त्यानंतर आईने त्याची खाट आमच्या पडवीत आणून टाकली. पडवीत कडुनिंबाची सावली असते, आणि मुख्य म्हणजे पाण्याची बादली कुणीतरी भरून देत असे. जखम मग तीन आठवड्यांत भरली.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे मानसशास्त्राच्या सरांनी पहिल्याच वर्षी शिकवले आहे. पडवीमुळेच जखम भरली असे मी म्हणत नाही. दुसऱ्या वेळी प्रतिजैविकही बदलले होते. पण त्या सिस्टरने सांगितलेल्या चारही गोष्टी परिसराविषयी होत्या, औषधाविषयी एकही नव्हती, हे ध्यानात घ्या. याचा अर्थ, परिचर्येच्या शास्त्राला ही गोष्ट पक्की ठाऊक आहे. तिचा अंमल मात्र वॉर्डच्या दारापाशी संपतो.

आणि प्रतिजैविकांचे राज्यही आता निर्धास्त राहिलेले नाही. ज्या पेनिसिलिनने पिंपरीचे नाव केले त्याला दाद न देणारे जंतू आज सर्वत्र आहेत, त्यानंतरच्या औषधांनाही न जुमानणारे आहेत. तेव्हा हात धुणे, दोन खाटांत अंतर ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे, या नाइटिंगेलच्या काळातल्या गोष्टींकडे डॉक्टर मंडळी परत वळली आहेत. पेरू देशात लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत हवा मोजून पाहिली, तेव्हा जुन्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत नुसती दारे-खिडक्या उघडून हवा जितकी खेळत होती तितकी यंत्रे बसवलेल्या नव्या खोल्यांतही खेळत नव्हती, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे नवे रुग्णालय म्हणजे बंद काचा आणि ए.सी. असे समीकरण झाले आहे. ते करणाऱ्यांनी हे वाचावे.

परिसरात भिंती आणि खिडक्याच येतात असे नाही; माणसेही येतात. या बाबतीत आपल्या चिंचवडला तर इतिहासाचा धडा आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. साथीच्या रोगांचा कायदा त्याच वर्षी झाला, गोरे शिपाई घरात शिरून रोगी शोधू लागले, आणि त्यांना सरकारी प्लेग रुग्णालयात व घरच्यांना छावणीत हलवू लागले. लोकांनी काय केले? रोगी लपवले. मरणापेक्षा त्या रुग्णालयाची भीती त्यांना अधिक वाटली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडणारे चाफेकर बंधू आपल्या चिंचवडचे, हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण त्या संतापाच्या मुळाशी रोग्याला आपल्या माणसांतून उपटून परक्या जागी नेण्याचे दुःख होते, याकडे आपण कमी पाहतो. विलगीकरण चूक होते असे मी म्हणणार नाही. रोग खराच भयंकर होता. परंतु त्याच वर्षी टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले, आणि सावित्रीबाई व डॉ. यशवंत फुले यांनी गावाबाहेर ससाण्यांच्या मळ्यावर मोकळ्या हवेत दवाखाना चालवला. रोगी वेगळा ठेवायचाच, पण ओळखीच्या माणसांच्या हाताखाली, हा विचार त्यामागे होता. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. नेहरूनगरला अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो कोविड केंद्र उभे राहिले. इतक्या थोड्या दिवसांत ते उभारणाऱ्यांचे आणि तिथे राबणाऱ्या परिचारिकांचे उपकार या शहराने विसरू नयेत. पण तेव्हा कोविडच्या वॉर्डांत राहून आलेल्यांशी बोला. ऑक्सिजनबद्दल ते दोन वाक्ये बोलतात आणि बाकीचा वेळ रात्रभर जळणाऱ्या दिव्यांबद्दल, पोशाखामुळे चेहरा न दिसणाऱ्या सिस्टरबद्दल, आणि कुणीतरी कानाला लावून दिलेल्या फोनबद्दल बोलतात.

यावर कुणी म्हणेल, आमच्या रुग्णालयांत नातेवाईक कमी आहेत का? खरे आहे. एका खाटेभोवती आठ माणसे, खाली पिशव्या आणि डबे, आणि वरून सल्ले. ही गर्दीही परिसर बिघडवतेच. म्हणून मला वाटते की खाटेभोवतीच्या जागेवर हुकूम परिचारिकेचा चालला पाहिजे. कोण बसणार, दिवा कधी मालवणार, टी.व्ही. बंद कधी होणार, कोणत्या खाटेला खिडकी द्यायची, हे तिने ठरवावे आणि डॉक्टरांनी व व्यवस्थापनाने ते मोडू नये. आज तिचा अर्धा वेळ रजिस्टरे भरण्यात जातो आणि पंख्याचा खटका दुरुस्त करून घ्यायचा तरी तिला चार सह्या लागतात.

पैशाचा प्रश्न येईल. झाडे, खिडक्या, मोकळे आवार हे श्रीमंतांच्या रुग्णालयांचे चोचले, असे म्हटले जाईल. या शहराची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीतच १७ लाखांवर गेली होती. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या ७५० खाटांवर आजूबाजूच्या तालुक्यांचाही भार असतो. तिथे प्रत्येकाला खिडकी द्या, असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला, कामगाराच्या पगारातून त्याची वर्गणी कापली जाते, आणि आजारपणात रजेचा भत्ताही मिळतो. भत्ता मिळतो तो रजेचा. रजा घालवायला जागा कोण देणार? चाकण, भोसरी, चिंचवड येथील कारखानदारांच्या संघटनांनी मिळून पंचवीस-तीस खाटांची दोन-तीन विश्रामगृहे काढली, साधी, पत्रा नसलेली, नळाला दिवसभर पाणी असलेली, एक सिस्टर आणि एक स्वयंपाकीण असलेली, तर एका मोटारीच्या जाहिरातीपेक्षा त्याला जास्त खर्च येईल असे वाटत नाही. आणि मद्रासप्रमाणे घरी जाऊन पाहणारी परिचारिका नेमली, तर तेवढाही येणार नाही.

तोपर्यंत एक गोष्ट बिनखर्चाची आहे. रोग्याला घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड मिळते त्यावर रोगाचे नाव, ऑपरेशनची तारीख आणि गोळ्यांची यादी असते. त्यात आणखी तीन ओळी छापाव्यात: घरी झोपण्याची जागा कोणती, त्या खोलीत माणसे किती, पाणी कोण भरणार. सिस्टरने हे विचारून लिहून घ्यायला दोन मिनिटे लागतील. उत्तर वाईट आले तर निदान ड्रेसिंगची तारीख चार दिवस अलीकडे आणता येईल. यंदाच्या हिवाळ्यात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात चाकण परिसरातल्या पन्नास खोल्यांत जाऊन हेच तीन प्रश्न अलीकडे आजारी पडलेल्या माणसांना विचारायचे, असा प्रस्ताव मी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे दिला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे मराठी विभागाच्या फलकाखाली ठेवलेल्या वहीत लिहावीत. सुरुवात आमच्या मागच्या बारा खोल्यांपासून करू.